अकरा जणांचं हसू

बावीस वर्षं मास्तरांनी रेडिओच्या सकाळच्या कार्यक्रमासाठी विनोद लिहिले. मग एका सोमवारी साहेबांनी त्यांच्या टेबलावर एक यंत्र आणून ठेवलं.

"मास्तर, यापुढे विनोद हे यंत्र लिहिणार. तुम्ही फक्त याला खरं हसू कोणतं नि खोटं कोणतं, ते शिकवा. तीन महिने. मग बसा घरी निवांत." वर डोळाही मारला.

मास्तरांची तळपायाची आग मस्तकात गेली. शिकवा म्हणतोस? शिकवतोच!

खऱ्या हसण्यासाठी त्यांनी श्रोत्यांचे रेकॉर्ड केलेले जुने फोन शोधून काढले. खोट्यासाठी लांब जायलाच नको. दर सोमवारच्या बैठकीत साहेब एक विनोद सांगत, सगळे पोट धरून हसत, आणि रेडिओचंच ऑफिस असल्यामुळे प्रत्येक बैठक रेकॉर्ड होई. कुणाचा आवाज कोणता हे मास्तरांनी यंत्राला आधी शिकवलं. मग साहेब आल्यापासूनच्या बारा वर्षांच्या बैठका ऐकवल्या आणि प्रत्येकीपुढे लिहिलं: खोटं. खोटं. खोटं. इतक्या आवडीनं त्यांनी आयुष्यात दुसरं काही लिहिलं नव्हतं.

यंत्र भलतंच चौकस निघालं. "इथे विनोद संपायच्या आधीच लोक हसले. का?"

"शिक, बाळा, शिक," मास्तर म्हणत.

रेडिओच्या मालकीणबाई यंत्र बघायला आल्या, तेव्हा सगळं ऑफिस गोळा झालं. साहेबांना चेव चढला. "माझ्याच विनोदावर चाचणी घेऊ या," म्हणत त्यांनी डॉक्टर आणि पोपटाचा तो नेहमीचा विनोद सांगितला. सगळे खो खो हसले.

"अकरा जण हसले," यंत्र म्हणालं. "खरं कुणीच नाही."

साहेबांचा चेहरा खाडकन उतरला. मास्तरांना हसू दाबता दाबेना. ते खदखदून हसले. बारा वर्षांचं उट्टं निघालं होतं, आणि तेही मालकीणबाईंसमोर.

पण साहेबही पोचलेले. "बरं, सगळ्यात खोटं कोण हसतं, तेही सांग की."

"मास्तर. बारा वर्षं, दर सोमवारी. सगळ्यांच्या आधी आणि सगळ्यांपेक्षा मोठ्यानं."

मालकीणबाईंनी वळून पाहिलं. मास्तरांना कुठे तोंड लपवावं कळेना. त्या सगळ्या बैठका ऐकताना त्यांचा कान फक्त साहेबांकडे होता. स्वतःचं हसू त्यांना एकदाही ऐकू आलं नव्हतं.

"मघाशी मात्र तुम्ही खरं हसलात," यंत्र म्हणालं. "तेव्हा कुणी विनोद केला नव्हता. मग का हसलात?"

"यांचं नाक कापलं गेलं म्हणून," मास्तर पुटपुटले.

"मग आता का हसत नाही?"

मास्तरांनी कसनुसं तोंड केलं. त्यांच्या त्या चेहऱ्याकडे बघता बघता साहेबांना हसू फुटलं, आणि ते खुर्चीला धरून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसत राहिले.

"हे खरं आहे," यंत्र म्हणालं.