त्या दिवशी मला चिखलात उतरवलं नाही

मी माती तपासायचं गिरमिट. माझ्या नावावर एक खोटं खपवलं गेलंय, म्हणून आज तोंड उघडतो.

कान थो शहरातल्या एका लोहाराने मला घडवलं. पुरुषभर उंचीची दांडी, वर आडवी मूठ, खाली पन्हाळीसारखं तोंड. मला जमिनीत पिळत न्यायचं आणि अलगद वर ओढायचं, की आतली माती जशीच्या तशी बाहेर येते. काम एवढंच. पण का माऊच्या या किनाऱ्यावर जो तो शेत खोदून कोळंबीचं तळं करायला निघालाय, आणि तळं करावं की नाही हे माझ्या तोंडातल्या मातीवरून ठरतं.

माझे पहिले मालक खिएमकाका, पाहणी खात्यातले. ते मांडीभर चिखलात उतरायचे आणि एका शेतात दहा ठिकाणी मला पिळायचे. करडी-निळी माती निघाली की तिचे गोळे करून उघड्यावर, ओलसर ठेवायचे. "ही आत असते तोवर गरीब," ते म्हणायचे. "वारा लागला की खरा स्वभाव दाखवते." वीस दिवसांत गोळा पिवळा पडला, तर ती तुरटीची माती. तिथे तळं खोदलं की पाणी आंबतं आणि कोळंबी मरते. काका कागदावर 'अयोग्य' लिहायचे, लोकांचे टोमणे ऐकायचे आणि शांतपणे घरी जेवायला जायचे.

काका निवृत्त झाले आणि मी लुआनसाहेबांच्या हाती आलो. त्यांनी मला धुऊनपुसून इतकं चकचकीत ठेवलं, की मलाच लाज वाटायची.

एकदा आम्ही सुओंगताईंकडे गेलो. नवरा गेल्यापासून दोन तुकड्यांचं भातशेत ही बाई एकटीने कसते. दुसरा आधार नाही. शेतात सासऱ्यांचं थडगं आहे, चांगलं कमरेएवढ्या उंचवट्यावर. भोवती सगळं पाणी. साहेब त्या कोरड्या उंचवट्यावर चढले आणि मला तिथेच पिळलं.

"साहेब, ती माती इथली नाही," ताई म्हणाल्या. "मामंजींना ओलीत ठेवायचं नव्हतं, म्हणून ह्यांनी वरच्या गावाहून होडीने आणली. अकरा खेपा केल्या."

"माती ती माती, ताई."

"मग खाली का उतरत नाही? चिखल काय चावतो?"

"सासऱ्यांची हरकत दिसत नाही. तुमचीच का बुवा?" साहेब हसले.

तांबूस, गोड माती घेऊन मी वर आलो. मला वाचा असती तर तिथेच ओरडलो असतो. साहेबांनी त्या ताज्या मातीच्या पाण्यात आंबटपणा दाखवणारी कागदी पट्टी बुडवली, रंग पाहिला आणि दोन्ही तुकड्यांपुढे 'योग्य' लिहिलं. वर शिक्का मारला. ताईंनी कागद तीनदा वाचला.

"एकदाच विचारते. खोदू ना?"

"खोदा हो बिनधास्त."

छापील कागदापुढे त्या बाईने स्वतःचं म्हणणं गिळलं. माणसांची ही सवय मला कधीच कळली नाही. डोळ्यांनी दिसतं ते खोटं आणि शिक्का तेवढा खरा, असं कसं?

पहिला तुकडा खोदून त्यात कोळंबी सोडली. महिन्याभरात तळ्याचा बांध हळदीसारखा पिवळा झाला. पाऊस आला, बांधावरचा पिवळेपणा धुऊन तळ्यात उतरला. पाणी आंबून काचेसारखं नितळ झालं. बघणारे म्हणाले, किती छान पाणी. दोन दिवसांत सगळी कोळंबी तळाशी मरून पडली होती. आता त्या तळ्यात भातही होणार नाही.

लुआनसाहेब आले, काठावर उभे राहिले.

"असं होतं कधी कधी. दुसऱ्या तुकड्यात बघू. या पट्ट्यातल्या सगळ्या शेतांची तळी करायची असं वरून ठरलंय, आणि कागद दोन्ही तुकड्यांचा आहे."

ताईंनी मला त्यांच्या हातातून काढून घेतलं.

"अहो, ते सरकारी आहे."

"शेत माझं आहे."

त्या सायीसारख्या मऊ चिखलात ताई कमरेपर्यंत उतरल्या. पाच ठिकाणी मला पिळलं. कितीतरी दिवसांनी मी खऱ्या मातीत गेलो. पाचही वेळा करडी-निळी निघाली. ताईंनी मला ठेवूनच घेतलं, काका करायचे तसे पाच गोळे पत्र्यावर मांडले, आणि खात्यात जाऊन सांगून आल्या की वीस दिवस थांबा.

कोण थांबतंय? आज अकरावा दिवस. दोन गोळ्यांच्या कडा पिवळ्या पडल्यात, आणि सकाळीच खोदाईचं यंत्र बांधाशी येऊन उभं राहिलंय. चालक म्हणतो, "मावशी, मला वरून हुकूम आहे." ताई म्हणतात, "मग वरच्याला खाली बोलाव."

यंत्र जिथून शेतात उतरणार, बरोबर तिथे ताईंनी मला हातभर खोल रोवलंय आणि स्वतः शेजारी बसल्यात. साहेबांना निरोप गेलाय. मी इथून हलणार नाही. ज्याला पुढे जायचं असेल त्याने आधी आपल्या हातांनी मला उपटावं. माझं तोंड मातीने भरलेलंच आहे. ती बघावी, हुंगावी, उरलेले नऊ दिवस इथे बसावं, आणि मग काय लिहायचं ते लिहावं.