शाळेतून आल्यावर

"थेक्ला, दे इकडे तो, वाकेल." कोर्टाच्या दारात हेन्रिकेने हात पुढे केला, पण लेकीने तो लांबलचक कागदी शंकू छातीशी अधिकच आवळला.

शाळेच्या पहिल्या दिवशी मुलांच्या हाती देतात तो खाऊचा शंकू. थेक्लाला तो दोन वर्षांपूर्वी घरीच, स्वयंपाकघरात मिळाला होता. आमच्या जर्मनीत मुलांना घरी शिकवायची मुभा नाही, आणि आठ वर्षांची थेक्ला शाळेत गेलीच नव्हती. पोरीला घरी काही कमी नाही हे कोर्टाला दिसावं, म्हणून हेन्रिकेनेच आज तिला तो कपाटावरून काढायला सांगितला होता. दोन अपिलं फेटाळली गेली होती. आज हरलं, तर शाळेचा निर्णय बालकल्याण खातं घेणार. आणि तरीही पाठवलं नाही, तर पोरच हातची जाणार.

न्यायाधीशबाई थेक्लाला एकटीला आत घेऊन गेल्या. हेन्रिके आणि तिचा नवरा फोल्कमार बाहेरच्या बाकावर बसले.

"काही पढवलं नाहीस ना तिला?" फोल्कमारने विचारलं.

"एक शब्द नाही."

"नक्की?"

"गप्प बस रे. इथे माझा जीव टांगणीला लागलाय आणि तुझी उलटतपासणी."

लहानपणी शाळेने हेन्रिकेला नऊ वर्षं रडवलं होतं. अजूनही कुठल्या शाळेची घंटा ऐकली की ती रस्ता बदलायची. त्या दारात ती पोरीला सोडणार नव्हती, मग काहीही होवो.

वीस मिनिटांनी त्यांना आत बोलावलं. शंकू टेबलावर होता, शेजारी थेक्ला पाय हलवत बसली होती.

"हा कधी दिलात हिला?" न्यायाधीशबाईंनी विचारलं.

"सहा वर्षांची झाली तेव्हा. तासभर धडे घेतले आणि म्हटलं, झाली शाळा, उघड आता. खोलीत नेऊन पुरवून पुरवून खाल्लंन सगळं. आता तळाशी कोंबलेले रद्दीचे बोळे तेवढे असतील."

बाईंनी शंकू तिच्या हातात ठेवला. वजनाने हेन्रिकेचे हात खाली गेले. निळ्या रिबिनीवरची दुहेरी गाठ तिने स्वतः मारलेली होती, तशीच.

"अगं, तू खाल्लाच नाहीस?"

"शाळेतून आल्यावर उघडायचा असतो ना, आई," थेक्ला समजावणीच्या सुरात म्हणाली. "मी अजून गेलेय कुठे?"

फोल्कमारने मान खाली घातली. हेन्रिकेची बोटं गाठ सोडवायला लागली.

"आत्ता उघडू या, राणी. सगळे मिळून खाऊ. हं? आत्ताच."

थेक्लाने आपला छोटा हात गाठीवर ठेवला.

"थांब ना गं."

हेन्रिकेची बोटं थांबली. मग तिने सैल झालेली गाठ पुन्हा घट्ट आवळली आणि शंकू पोरीच्या मांडीवर ठेवला.