तासाला एकच बाई

पूर्व केंटकीतल्या सहा रेडिओ केंद्रांनी व्हर्डी स्टिडमच्या गाण्याची तबकडी परत केली होती; हे सातवे आणि शेवटचे. शुक्रवारपर्यंत गाणे कुठेच वाजले नाही, तर उरलेल्या तबकड्या वितळवून दुसऱ्या गायकाच्या काढू, असे नॅशव्हिलच्या कंपनीने कळवले होते. आज शुक्रवार होता. घरी तिचा नवरा एल्झी खाणीची धूळ फुप्फुसांत घेऊन पडला होता. तो मिनिटाला बत्तीस श्वास घेई. गेल्या महिन्यात अठ्ठावीस होते. दुसऱ्या तबकडीपर्यंत तो टिकणार नाही, एवढे गणित तिला येत होते.

“तासाला एकच बाई,” निवेदक स्पर्लॉक म्हणाला. “या तासाची वाजली.”

“आणि पुरुष किती?”

“पुरुषांना कोण मोजतं?”

लागोपाठ दोन बायका लागल्या की लोक रेडिओ बंद करतात, असे त्याचे म्हणणे. तसे कधी करून पाहिले होते का, असे तिने विचारले. नव्हते.

बारा वाजले. मृत्युवार्तांची वेळ, ती ऐकायला अख्खे खोरे हातातला घास खाली ठेवी. प्रत्येक नावामागे घरच्यांच्या पसंतीचे गाणे लागे.

“ही गाणी मोजता?”

“मेलेल्याला कसला नियम, बाई?”

“मग लिहा. एल्झी स्टिडम, वय एकेचाळीस. आज सकाळी गेला.”

स्पर्लॉकने टोपी काढली आणि तबकडी लावली. गाणे संपायच्या आत दोन्ही फोन खणखणू लागले.

ती घरी पोचली तेव्हा शेजारणी मयताघरच्या जेवणाची भांडी घेऊन ओसरीवर जमल्या होत्या. “व्हर्डे,” ओमा म्हणाली, “तुझ्या मढ्यानं दोनदा कोंबडी मागून खाल्ली!”

“मेल्याचं मला तरी कळवायचंस गं,” आतून एल्झी म्हणाला. तो हसला आणि ते हसणे खोकल्यात संपायला बराच वेळ लागला.

सोमवारी कंपनीचा माणूस, प्रॅटर, दारात उभा राहिला. चौदा केंद्रे विधवेचे गाणे मागत होती. खाटेकडे पाहून त्याने विचारले, “हे कोण?”

व्हर्डीने तोंड उघडले. खरे सांगितले तर तबकड्या वितळणार होत्या.

“मयताचा भाऊ,” एल्झी म्हणाला.

तिने दुरुस्ती केली नाही. परक्याला खरे सांगायची खोऱ्यात रीतच नव्हती, त्यामुळे शेजारणीही गप्प राहिल्या.

पुढे नऊ महिने ती काळ्या पोशाखात गात राज्ये पालथी घालत होती. घरी डॉक्टर येऊ लागला, प्राणवायूची नळकांडी आली. व्हर्डी मात्र घरी क्वचितच येई. दूरच्या टल्सा शहरात, रंगमंचामागे, तिला ओमाची तार मिळाली. बाहेर चार हजार माणसे तिच्या नावाचा गजर करत पाय आपटत होती.

“मला आजच घरी जायचंय,” ती प्रॅटरला म्हणाली.

“का? कोण गेलं?”

तिने तार घडी घालून काळ्या पोशाखात खोचली.

“दीर.”

“दिरासाठी कार्यक्रम रद्द होत नसतो,” तो समजुतीच्या सुरात म्हणाला आणि पडदा सारायची खूण केली.

ती गायली. त्या रात्री तिचा आवाज विशेष लागला, असे वर्तमानपत्रांनी लिहिले.