खिचडी खाल्लेलं रक्त

कॉलेजात असताना दीनानाथ पुण्यात स्कूटरवरून पडले, तेव्हा त्यांना दोन बाटल्या रक्त चढवलं होतं. त्या काळी रक्तात हिपॅटायटिस सी आहे का, हे कुणी तपासत नसे. त्या विषाणूला नावसुद्धा पडलं नव्हतं. तो वर्षानुवर्षं गपचूप बसून यकृत पोखरतो, हे कळल्यापासून त्यांच्या पत्नी विभावरीबाईंनी एकच धोशा लावला होता: तपासून घ्या. जर्मनीतल्या एश्बॉर्नच्या ऑफिसात जगाचं सॉफ्टवेअर तपासणारे दीनानाथ स्वतःच्या तपासणीची टेर्मिन, म्हणजे डॉक्टरांनी दिलेली वेळ, आली की मात्र हमखास मीटिंगमध्ये सापडत.

आज त्या स्वतः सोबत जाणार होत्या. आंघोळ करून येतात तो संकष्टीच्या साबुदाणा खिचडीची कढई रिकामी! दीनानाथांच्या मिशीला दाण्याचं कूट.

"अहो, उपाशीपोटी बोलावलंय ना!"

"उपासच केलाय की. संकष्टी ना आज?"

लग्नापासून या माणसानं चतुर्थी ओळखली ती फक्त मोदकांच्या वासावरून.

"आता जाऊन काय उपयोग? टेर्मिन पुढे ढकलू," दीनानाथ समजूतदारपणे म्हणाले.

"बूट घाला."

दवाखान्यात विभावरीबाईंनी नर्सला सगळं सांगितलं, तुपासकट. नर्स गंभीरपणे म्हणाली, "साखर आणि कोलेस्टेरॉल आज नको. हिपॅटायटिसच्या अँटीबॉडीजना मात्र खाण्यानं फरक पडत नाही. त्या सापडल्या, तर विषाणू अजून आहे का, ते लॅब बघेल."

"गेनाऊ! अगदी बरोबर!" विभावरीबाई म्हणाल्या.

दीनानाथांचा चेहरा उतरला. मग हळूच, मराठीत म्हणाले, "निघालं तर गं?"

इतक्या दिवसांत ते पहिल्यांदाच खरं बोलले. विभावरीबाईंनी त्यांच्या बाहीचं बटण काढलं. "निघालं तर गोळ्या आहेत. काही महिन्यांत बहुतेक सगळे बरे होतात. भित्रेपणावर मात्र अजून गोळी निघालेली नाही."

दीनानाथांनी बाही स्वतःच वर सरकवली.

पुढच्या आठवड्यात डॉक्टरांचा फोन आला. अँटीबॉडीज होत्या. विषाणूही होता.

दीनानाथांनी स्वतःच फोन उचलला, यकृताच्या डॉक्टरांची टेर्मिन घेतली आणि ती स्वतःच्या हातानं कॅलेंडरवर लिहिली.

"त्या दिवशी कुठली चतुर्थी आहे का, बघ जरा," ते म्हणाले. "असली तरी जाणार आहे. पण खिचडी करून ठेव."