नोराबाईंचे रविवार

नोराबाईंच्या नातवाला आजीची आठवण झाली ती सात वर्षांनी, तीही बायकोने करून दिली म्हणून.

एडिसन गावी त्यांच्याच घरी राहून मी त्यांचं सगळं करत होते. बाई एक्क्याण्णव वर्षांच्या. नवरा गेलेला, मुलगा गेलेला. नातू ब्रायन जर्सी सिटीत, गाडीने पाऊण तासावर. त्याची बायको रुचा आपली नागपूरची. तिनेच मला या कामाला लावलं होतं. रोज फोनवर ‘ग्रॅनीने काय खाल्लं’ विचारायची, यायची मात्र नाही.

सप्टेंबरात दोघं आली. रुचाला तिसरा महिना होता आणि तिच्या कंपनीने डब्लिनला जागा देऊ केली होती. आजी आयर्लंडमध्ये जन्मलेली, म्हणून ब्रायनला तिकडचं नागरिकत्व मिळत होतं. बाळ जन्मायच्या आधी ब्रायनचं नाव तिकडे नोंदलं गेलं तर बाळालाही मिळणार होतं. एक दिवस उशीर झाला तर बाळाला नाही.

त्यासाठी आजीचा जन्मदाखला हवा. जुने कागद तळघरात पाणी शिरलं तेव्हा लगदा होऊन गेले होते. नवा मागवता येतो, पण त्या वर्षी नोरा वॉल्श नावाच्या मुली तिकडे डझनभर जन्मल्या होत्या. गाव आणि आईचं माहेरचं नाव कळल्याशिवाय यातली आपली कोणती, हे ठरेना. आणि ते सांगायला नोराबाईंशिवाय कुणी उरलं नव्हतं.

नोराबाईंनी पहिल्या रविवारी चर्चजवळच्या विहिरीचं सांगितलं. दुसऱ्या रविवारी आईच्या तांबड्या केसांचं. तिसऱ्या रविवारी मामाच्या गाढवाचं. रुचा शिरा करून आणायची, तो खाऊन मागच्या खेपेला बेदाणे जास्त होते असं सांगायच्या. नाव विचारलं की त्यांना झोप यायची. पुढच्या रविवारी आठवेल, म्हणायच्या.

गाडी वळली की डोळे टक्क उघडे. मला म्हणायच्या, बघ, कशी येतात.

एकदा दुपारी मी त्यांचे पाय चोळत होते, तेव्हा त्यांनी गाव सांगितलं आणि आईचं नावही.

“तुला सांगायला हरकत नाही,” म्हणाल्या. “तुला कुठे लिहिता येतंय.”

मी शाळेत गेले नाही, हे मीच त्यांना सांगितलं होतं. चर्चच्या बायका आल्या की नोराबाई माझ्या हातात उलटं वर्तमानपत्र देऊन मला वाचायला सांगायच्या आणि हसायच्या. बेचाळिसाव्या वर्षी मुलाच्या पुस्तकावरून मी मराठी अक्षरं शिकले, हे मात्र मी कधी बोलले नव्हते. त्या संध्याकाळी कॅलेंडरच्या पाठीमागे मी ती दोन्ही नावं मराठीत लिहिली आणि फोटो काढून रुचाला पाठवला. इथे ती पुन्हा लिहीत नाही. एकदा लिहिली तेवढी पुरे.

रविवार बंद झाले.

नोराबाई केस विंचरून, ओठ रंगवून खिडकीशी बसायच्या. चौथ्या रविवारी म्हणाल्या, कुणीतरी सांगितलंय. माझ्याकडे बघत राहिल्या. मी टॉवेलांच्या घड्या घालत होते, त्या घालत राहिले. मला कामावरून काढलं नाही त्यांनी. दुसरी बाई मिळायला वेळ लागतो.

डिसेंबरात दोघं पुन्हा आली. जन्मदाखला हातात होता. आता आजीचं चालू ओळखपत्र लागत होतं आणि नोराबाईंचं लायसन्स आठ वर्षांपूर्वी संपलेलं. व्हीलचेअरवरून जायचं, फोटो काढून यायचा, अर्ध्या तासाचं काम. बाळ यायच्या थोडे दिवस आधी अर्ज गेला तरी तिकडे घाईने करून देणार होते. ब्रायन त्यांच्या खुर्चीपुढे गुडघे टेकून बसला.

नोराबाई म्हणाल्या, बाहेर थंडी आहे. मग पुढच्या आठवड्यात, तो म्हणाला. तेव्हाही असेल, त्या म्हणाल्या.

रुचा स्वयंपाकघरात आली. शिऱ्याचं भांडं विसळत मराठीत म्हणाली, “मावशी, तिकडे दुसरा पेपर पण चालतो. आयडी नसेल तर डेथ सर्टिफिकेट.”

मी तिच्या हातातलं भांडं पुसायला घेतलं.

“मी फक्त सांगितलं हं,” म्हणाली. नळ बंद केला, हात पुसले आणि गेली.

ती काय बोलली ते नोराबाईंनी मला विचारलं. मी सांगितलं. झाकता आलं असतं, पण मी सांगितलं. त्या खोकला येईपर्यंत हसल्या.

“मग येतील,” म्हणाल्या.

आणि यायला लागली. एकही रविवार चुकत नाही. रुचाचा फोन अजून रोज सकाळी येतो, पण ग्रॅनीने काय खाल्लं ते आता विचारत नाही. श्वास कसा आहे, विचारते. गाडीचा आवाज आला की नोराबाई उशीवर मान कलती टाकतात, तोंड थोडं उघडं ठेवतात. ब्रायन हात हातात घेऊन बसतो. तो कधीकधी रडतो, आणि ते खोटं नसतं असं मला वाटतं. रुचा दाराशी उभी राहून त्यांच्या छातीकडे बघत असते.

गेल्या रविवारी त्या तशा तासभर पडून होत्या. मीसुद्धा जवळ जाऊन पाहिलं. मग त्यांनी डोळे उघडले आणि रुचाच्या पोटाकडे बघून कितवा लागला ते विचारलं.

आठवा, रुचा म्हणाली.

नोराबाईंनी बोटांवर मोजलं. “म्हणजे अजून बरेच रविवार आहेत,” म्हणाल्या.