‘पोले’चा अर्थ

“हे मी म्हणालोच नाही, तातूबीबी,” म्बारुकू कचेरीच्या दारातूनच म्हणाला. “चूक माझी, असं कुणापुढेही म्हणालो नाही.”

तातूनं अपघाताच्या अहवालाची प्रत पुन्हा वाचली. टांगा शहराजवळच्या त्या घायपाताच्या मळ्यात ती अठरा वर्षं कारकून होती. साहेबलोकांशी इंग्रजीत बोलायचं कामही तिच्याकडेच. परवा पानं पिळायच्या यंत्रात कोंबो नावाच्या मजुराचा हात गेला. यंत्राचा मेकॅनिक म्बारुकू. दवाखान्यात कोंबोच्या बायकोसमोर उकिडवा बसून तो एवढंच म्हणाला होता, “पोले.” चौकशीला आलेल्या साहेबानं विचारलं, काय म्हणतोय? गडबडीत तातू बोलून गेली, ‘सॉरी’ म्हणतोय. साहेबानं लिहिलं, मेकॅनिकनं चूक कबूल केली. खाली दुभाषी म्हणून तातूची सही.

“सही करताना वाचलं नव्हतंस?” म्बारुकूनं विचारलं.

“वाचलं होतं. साहेबाला अडवायचा धीर झाला नाही.”

दुपारी साहेब निघणार होता. कागद गेला की म्बारुकू घरी बसणार, कदाचित तुरुंगातही. कागद बदलायला लावला तर तिचं काय? पेन्शनला दोन वर्षं उरली होती. सकाळपासून ती तीनदा साहेबाच्या दारापर्यंत जाऊन परतली होती. चौथ्यांदा आत शिरली.

“साहेब, माझं भाषांतर चुकलं.”

“मी शब्दकोश पाहिलाय. पोले म्हणजे सॉरी.”

“काल तुमची गाडी चिखलात रुतली, तेव्हा चौकीदार काय म्हणाला?”

साहेबानं आठवून पाहिलं. “पोले.”

“मग चिखल काय त्यानं केला होता?” ती म्हणाली. “ठेच लागलेल्याला, ताप आलेल्याला, घरचं माणूस गेलेल्याला आम्ही पोले म्हणतो. तुझ्यावर काय गुदरलंय ते मला दिसतंय, एवढंच. माफी मागायची तर ‘समहानी’ म्हणतात. ते तो म्हणाला नाही.”

“म्हणजे तू चुकीच्या कागदावर सही केलीस.”

“केली. तसंच लिहा.”

त्यानं तसंच लिहिलं. यंत्राचं झाकण महिनाभर तुटलेलं होतं आणि म्बारुकूनं ते दोनदा लेखी कळवलं होतं, हे पुढच्या आठवड्यात उघड झालं. त्याची नोकरी राहिली. तातूची बदली कचेरीतून घायपाताचा धागा वाळवायच्या कामावर झाली.

पहिल्याच दिवशी ओल्या धाग्यानं तिचे तळवे सोलवटले. जेवणाच्या सुट्टीत म्बारुकू आला. त्यानं तिच्या हातातल्या भाऱ्याचं दुसरं टोक उचललं. दोघांनी मिळून तो तारेवर पसरला आणि ती दोघं पुढच्या भाऱ्याकडे वळली.