जाणारीच्या पुढ्यात नूडल्स

पोलादाचा कारखाना बंद पडल्यापासून शिऊझन बाजारात कोबीचं लोणचं विकायची. त्या गावावर चित्रपट काढायला आलेल्या लू बाईंनी आईचं काम तिलाच दिलं. काम सोपं होतं. लेक दक्षिणेकडच्या कारखान्यात कामाला निघालीय, तिला च्याओझ, म्हणजे उकडलेल्या तिखटामिठाच्या करंज्या, खाऊ घालायच्या आणि रडायचं.

जाणाऱ्याला सारण भरलेले च्याओझ आणि येणाऱ्याला नूडल्स, ही रीत त्या गावात शेंबडं पोरसुद्धा जाणतं. तरी शिऊझनने लेकीचं काम करणाऱ्या शाओमानच्या पुढ्यात नूडल्सचा वाडगा आदळला.

"मावशी, चुकलात!" लू बाई कॅमेऱ्यामागून ओरडल्या. "लोक हसतील आपल्याला."

"हसतील त्यांचे दात दिसतील! माझ्या लेकीला मी या हातांनी च्याओझ भरवून गाडीत बसवलं. सात वर्षं झाली, ना पत्र ना फोन. आता कुणाच्याच पोरीला मी ते घालणार नाही. पाहिजे तर दुसरी आई बघा."

लू बाईंनी कॅमेरा चालूच ठेवायची खूण केली.

शाओमानने नूडल्स ओढल्या, तोंड पुसलं आणि कागदावर नसलेलं वाक्य म्हटलं, "आई, आले गं मी."

कागदावर इथे आईने रडायचं होतं. शिऊझनने तिच्या पाठीत एक धपाटा घातला.

"एवढा उशीर करतात होय गं? पार गार झालं सगळं!"